मे महिन्यात मुंबईतल्या बागा: भर दुपारी कुठे बसायचं?

गिरणगावकर | रवि, २८ एप्रिल, रात्री ११:१०

मंडळी, यंदा गावाला जाणं नाही. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन फेब्रुवारीत झालंय, संगमेश्वरपर्यंतचा प्रवास तिला झेपायचा नाही. तिला एकटीला ठेवून आम्ही फणस खायला जावं हेही बरं दिसत नाही. म्हणजे आख्खा मे महिना लालबागच्या खोलीत. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर पत्रा. दुपारी एकनंतर पंखा गरम हवा ढवळत बसतो, बाकी काही करत नाही. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाचचा. दोघं कॉमन गॅलरीत क्रिकेट खेळतात आणि समोरच्या काकू माझ्या नावाने शंख करतात.

म्हटलं, बागेत जाऊ. घराजवळ एक बरी बाग आहे, झाडंही चांगली जुनी. परवा साडेबाराला आईला रिक्षा-टॅक्सीची सर्कस करून तिथे नेलं, तर गेटला कुलूप. आत वॉचमन झाडाखाली मस्त बसलेला. म्हणाला, "चार वाजता या." चार वाजता ऊन उतरायला लागल्यावर मी सावली घेऊन काय करू?

तर प्रश्न असा: मुंबईत दुपारी बारा ते चार उघडी असलेली, खरी सावली असलेली बाग कुठली? म्हाताऱ्या माणसाला पाठ टेकता येईल असं बाकडं हवं, स्वच्छतागृह हवं, आणि मुलांना "पळू नका" असं कुणी म्हणायला नको. मॉल सुचवू नये. मॉलमध्ये पाच वर्षांच्या पोराला घेऊन चार तास फुकट बसता येत नाही, अनुभव आहे.

---

फुकटचा_सल्ला | रवि, २८ एप्रिल, रात्री ११:१४

मॉल.

(धागा शेवटपर्यंत वाचायच्या आधी लिहिलं. माफी.)

---

रानभुली | सोम, २९ एप्रिल, सकाळी ७:०५

अहो, लालबागला राहता आणि राणीची बाग विसरलात? आंबेडकर रोडने सरळ खाली भायखळ्याला या. दुपारी बंद नसते. सकाळी साडेनऊच्या सुमाराला उघडते ती संध्याकाळपर्यंत, मध्ये कुलूप नाही. फक्त बुधवारी बंद.

लोक तिथे प्राणी बघायला जातात आणि पिंजऱ्यापासून पिंजऱ्यापर्यंत उन्हातून पळतात. तुम्ही झाडांसाठी जा. १८६२ साली ही बाग उघडली, तीही मुळात वनस्पती उद्यान म्हणून. त्याआधी तिची थोरली बहीण शिवडीला होती, तिथे पुढे ख्रिस्ती दफनभूमी झाली. म्हणजे दीडशेहून जास्त वर्षं वाढलेली झाडं तुमच्या डोक्यावर येणार. अशी सावली मुंबईत मोजक्या ठिकाणी उरली आहे.

मे महिन्यात काय बघाल:

उर्वशी नाही. ब्रह्मदेशातलं झाड, झुंबरासारखे लाल घोस, सगळे त्याचंच नाव घेतात, पण मे उजाडेपर्यंत बहर ओसरतो. त्यासाठी पुढच्या वर्षी थंडी संपता संपता जा. गोरखचिंचही आत्ता नुसती हत्तीच्या पायासारखी उभी असेल, पान नाही, सावली शून्य. पण कैलासपती बघाच. त्याची फुलं फांदीच्या टोकाला येत नाहीत, थेट बुंध्यावर येतात. फुलाच्या आत पिंड आणि वर नागाचा फणा असल्यासारखं दिसतं, वास तर वेड लावणारा. फळं तोफेच्या गोळ्याएवढी, तेव्हा त्याच्या बरोब्बर खाली आईंना बसवू नका. फळ फुटलं तर वासाने सगळी मंडळी उठतील ते वेगळंच.

बसायचं असेल तर पर्जन्यवृक्ष शोधा, म्हणजे आपला रेन ट्री. छत्रीसारखा पसरतो. एप्रिल-मेमध्ये गुलाबी, पावडर लावायच्या पफसारखी फुलं खाली पडलेली असतात. मुलांना सांगा, संध्याकाळी याची पानं मिटतात. आभाळ दाटून आलं तरी मिटतात.

आणि वटवाघळं! उंच झाडांवर मोठी फळखाऊ वटवाघळं उलटी टांगलेली असतात. उन्हाच्या दिवसात ती पंखांनी स्वतःला वारा घालतात, अगदी आपली आजी पदराने घालायची तसा. माझा भाचा पेंग्विन बघायला आला होता, दोन तास वटवाघळं बघत बसला.

---

कट्टेकरी | सोम, २९ एप्रिल, सकाळी ९:३०

रानभुलीताई, झकास लिहिलंत. एक पुरवणी. आत शिरलात की संग्रहालयाच्या बाजूला दगडी हत्ती आहे तो मुलांना दाखवा. तो घारापुरीचा मूळ हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. १८६४ मध्ये इंग्रजांनी विलायतेला न्यायला उचलला तर तुटला. तुकडे इथे आणून पडले आणि १९१४ मध्ये जोडून उभा केला. नीट पाहिलं तर सांधे दिसतात.

माझ्या आजीची समजूत होती की "राणीची बाग" म्हणजे जिजाऊंची. व्हिक्टोरिया कोण हे तिच्या गावीही नव्हतं. पुढे नाव बदलून वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झालं, तेव्हा आजी म्हणाली, "मी काय सांगत होते!"

दुपारचं सोडा, संध्याकाळी शिवाजी पार्कला या. कट्ट्याचा घेर १.१७ किलोमीटर आहे, बसायला जागा मिळतेच. साडेपाचनंतर समुद्रावरून वारा येतो. आईंना कट्ट्यावर पाठ टेकता येणार नाही एवढीच अडचण. आणि मैदानात धूळ. सुट्टीतल्या क्रिकेट शिबिरांची पोरं एवढी की चेंडू कुठल्या मॅचचा ते देवालाच ठाऊक.

---

खारेवारे | सोम, २९ एप्रिल, सकाळी १०:१२

वाऱ्याचा विषय निघालाच आहे तर लिहितो. शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवा. मुंबईचा उन्हाळा त्यावरच चालतो. दुपारच्या आत खारे वारे सुरू झाले तर पारा ३३-३४ च्या आसपास अडकतो, घामाच्या धारा लागतात पण जिवावर येत नाही. ज्या दिवशी जमिनीवरून पूर्वेचे वारे जोरात असतात, त्या दिवशी समुद्राचा वारा उशिरा येतो आणि पारा सुटतो. म्हणून मुंबईचे सगळ्यात तापलेले दिवस मे महिन्यात कमी आणि मार्च-एप्रिलमध्ये जास्त. सांताक्रूझचा उच्चांक ४२.२ अंश, तारीख १४ एप्रिल १९५२.

बागेच्या दृष्टीने अर्थ एवढाच: मे महिन्यात मुंबईत तापमानापेक्षा दमटपणा मारतो. घाम वाळायला वारा लागतो. म्हणून दाट सावली + वारा अडवणाऱ्या भिंती नाहीत, अशी जागा शोधा. चारी बाजूंनी इमारती असलेल्या बागेत झाडं असूनही उकडतं. उलट सकाळी अकरापर्यंत हवा अगदी पडलेली असते आणि एक-दीडला झुळूक सुरू होते, म्हणजे तुमची दुपारची वेळ वाटते तितकी वाईट नाही. फक्त डोक्यावर झाड हवं.

---

डोंबिवली_फास्ट_नाही | सोम, २९ एप्रिल, दुपारी १:४०

हँगिंग गार्डनला दुपारी जाऊ नका, मी सासूबाईंना घेऊन गेले होते. नावात गार्डन आहे म्हणून गेलो. हिरवळ छान, झुडपं कापून केलेले प्राणी छान, पण उन्हात सगळे प्राणी आणि आम्ही एकत्र भाजलो. खाली पाण्याची टाकी आहे ना, वर माती किती असणार, मोठी झाडं रुजणार कुठे? समोर कमला नेहरू पार्कात म्हातारीच्या बुटात मुलं शिरली ती बाहेर यायला तयार नाहीत, कारण आत सावली होती. संध्याकाळी सहानंतर मात्र तिथून चौपाटी आणि मरीन ड्राइव्हचे दिवे बघणं, त्याला तोड नाही.

स्वच्छतागृहाबद्दल कुणीच लिहिलं नाही, सगळे पुरुष दिसता. बाई माणूस बागेत किती वेळ बसेल ते झाडांवर ठरत नाही, त्यावर ठरतं. बरोबर पाणी कमी प्यायची युक्ती सगळ्या बायका करतात आणि उन्हाळ्यात तीच अंगाशी येते. आईंना पाणी, कोकम सरबत, काय हवं ते भरपूर द्या आणि आत शिरल्या शिरल्या आधी "ती" जागा बघून ठेवा.

---

रानभुली | सोम, २९ एप्रिल, दुपारी २:०५

मी बाई आहे हो :) पण मुद्दा शंभर टक्के मान्य. राहून गेलं.

---

खुरपं | सोम, २९ एप्रिल, रात्री ९:५०

नमस्कार. सहसा फक्त वाचतो. सव्वीस वर्षं बागेत माळीकाम केलं, कुठल्या ते राहू द्या. कुलपाबद्दल सांगतो.

लोकांना वाटतं दुपारी आम्ही पाणी घालतो म्हणून बंद. दुपारच्या उन्हात कुठलाच माळी पाणी घालत नाही, निम्मं उडून जातं. पाणी पहाटे नाहीतर ऊन कलल्यावर. दुपारी झाडलोट, जेवण आणि पाळी बदलणं. गेटं दोन आणि वॉचमन एक, मग तो एक गेट बंद करतो, नंतर दुसरं. पण कुलूप कायमचं कसं झालं ते ऐका. आमच्याकडे सकाळच्या वॉकवाल्यांनी अर्ज दिला होता. दुपारी बागेत रिकामटेकडे येऊन झोपतात, जोडपी बसतात, बाग खराब होते, बंद ठेवा. साठ-सत्तर सह्या होत्या. चांगली शिकलेली माणसं.

झोपायला येणारे कोण होते मला माहीत आहे. एक कुरिअरवाला, दोन-तीन रंगारी, एक रात्रपाळीचा नर्सिंग होममधला पोरगा. चपला उशाशी घेऊन झोपायचे. कुणी एक फूल तोडलेलं मी बघितलं नाही. फुलं कोण तोडतं ते पहाटे पाच वाजता बघा, पूजेच्या पिशव्या घेऊन येतात.

---

सुजाण_नागरिक | सोम, २९ एप्रिल, रात्री १०:२०

खुरपंकाका, तुमच्या कष्टांचा आदर आहे, पण दुसरी बाजूही आहे. आमच्या इथल्या बागेत दुपारी पत्ते आणि बाटल्या चालायच्या. बाग ही काही धर्मशाळा नाही. लहान मुलं येतात तिथे. नियम हवेतच.

---

डोंबिवली_फास्ट_नाही | सोम, २९ एप्रिल, रात्री १०:३८

पत्ते आणि बाटल्या वेगळ्या, झोप वेगळी. मला विचाराल तर दुपारच्या रिकाम्या बागेत जायला मला भीती वाटते, दहा माणसं झाडाखाली झोपलेली असतील तर कमी वाटते. पाचपंचवीस बायका भाजी निवडत बसल्या असतील तर अजिबातच नाही. कुलूप लावून बाग सुरक्षित होत नाही, फक्त रिकामी होते.

---

गिरणगावकर | सोम, २९ एप्रिल, रात्री ११:०२

खुरपंकाका, तुमचं वाचून जरा गप्प झालो. कारण आमच्या चाळीतून असा एक अर्ज गेला होता, चार-पाच वर्षांपूर्वी, आणि त्यावर माझी सही आहे. न वाचता केली होती, अध्यक्षांनी आणून दिला म्हणून. याच बागेचा होता का ते उद्या विचारतो.

आणि खरं सांगू का, मला बागेत काय करायचंय? झोपायचंच आहे. गावाला दुपारी जेवण झालं की वडील अंगणातल्या फणसाखाली घोंगडी टाकायचे. कुणी त्यांना रिकामटेकडा म्हणालं नाही.

---

बडोदेकर | मंगळ, ३० एप्रिल, सकाळी ८:४५

बडोद्याहून लिहितोय, तीन पिढ्या इथेच. आमची कमाटीबाग म्हणजे सयाजीबाग. सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये लोकांना करून दिली, विश्वामित्रीच्या काठी. त्या नदीत मगरी आहेत, त्यामुळे मुलांना "पाण्याजवळ जाऊ नका" हे वेगळं सांगावं लागत नाही. इथे पारा ४२-४३ ला जातो, तुमच्या ३४ ला आम्ही वसंत ऋतू म्हणतो. पण आमच्याकडचं ऊन कोरडं, सावलीत शिरलं की लगेच फरक कळतो. मुंबईला तसं होत नाही हे खारेवारे यांचं बरोबर.

इथली रीत अशी: जेवून-खाऊन रात्री घराबाहेर पडायचं. मे महिन्यात बागेच्या आसपास रात्री जेवढी माणसं दिसतील तेवढी दिवाळीला दिसणार नाहीत. अहमदाबादेत तर २०१० च्या मे महिन्यातल्या भयंकर लाटेत खूप माणसं गेली, त्यानंतर २०१३ मध्ये शहराने उष्णतेसाठी वेगळा आराखडाच केला. त्यात पाणपोया, सावलीच्या जागा, बागा जास्त वेळ उघड्या ठेवणं अशा साध्यासुध्या गोष्टी आहेत. बाग ही चैन नाही हे तिथे माणसं गमावून कळलं.

---

पगडी_घरी_विसरलो | मंगळ, ३० एप्रिल, सकाळी ९:१५

पुण्यात या. एम्प्रेस गार्डन, ३९ एकर, आत शिरलं की कॅम्पातलं ऊन बाहेर राहतं. झाडांवर चढलेल्या वेली माणसाच्या मांडीएवढ्या जाड आहेत. मुलांसाठी पेशवे पार्कातली फुलराणी, १९५६ पासून धावते आहे. माझे वडील बसले, मी बसलो, मुलगी बसली, तिकिटाच्या रांगेत तिन्ही पिढ्यांनी सारखाच घाम गाळला. आणि रात्री पुण्यात गार होतं, हे मुंबईकरांना सांगून पटत नाही.

---

फुकटचा_सल्ला | मंगळ, ३० एप्रिल, सकाळी ९:१७

पुणेकर आले. आता दुपारी एक ते चार बंद का असावं यावर अभ्यासपूर्ण विवेचन येईल.

---

पगडी_घरी_विसरलो | मंगळ, ३० एप्रिल, सकाळी ९:३१

येणार होतं, पण एक वाजत आलाय. (साडेनऊ असले म्हणून काय झालं.)

---

टेम्सकाठी | मंगळ, ३० एप्रिल, दुपारी ३:२०

लंडनहून गंमत. इथे ऊन पडलं की लोक हाइड पार्कात जाऊन सावली सोडून झोपतात. आरामखुर्च्या भाड्याने मिळतात. पहिल्या वर्षी आम्ही चौघं मराठी माणसं झाडाखाली सतरंजी टाकून बसलो होतो आणि बाकी सगळं पार्क उघड्यावर. एका आजोबांनी येऊन विचारलं, सगळं ठीक आहे ना? जुलै २०२२ मध्ये मात्र देशात पहिल्यांदा पारा ४० च्या वर गेला, हिरवळ पार गवताच्या गंजीसारखी पिवळी झाली, तेव्हा सगळे गोरे आमच्या झाडाखाली आले. सरकून जागा दिली.

इथे पार्कात झोपलेल्या माणसाला कुणी उठवत नाही, टाय लावलेला असो की नसो. एवढं एक उचलण्यासारखं आहे.

---

रानभुली | मंगळ, ३० एप्रिल, रात्री ८:००

आणखी एक जागा: धारावीजवळ, सायन-वांद्रे लिंक रोडवरचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. मिठी नदीच्या काठी ३७ एकर. तिथे पूर्वी शहराचा कचरा टाकत असत. त्या कचऱ्यावर माती घालून झाडं लावली, १९९४ मध्ये लोकांसाठी उघडलं. आत शिरताना विश्वास बसत नाही की आपण उकिरड्यावर उभे आहोत. खेळणी-घसरगुंड्या शोधू नका, हे रान आहे. फुलपाखरं, पक्षी, आणि तांबट पक्ष्याचं भर दुपारचं टुक-टुक-टुक. बाकी सगळे पक्षी गप्प बसतात तेव्हा तोच एकटा तांब्याची भांडी ठोकत असतो.

बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान मात्र मे महिन्यातल्या दुपारी टाळा. १०० चौरस किलोमीटरच्या वर जंगल आहे खरं, पण पानगळीचं. सागाला पान नसतं आणि कान्हेरीचा कातळ तापतो. भल्या पहाटे जाऊन नऊला परत. जांभळं, करवंदं विकायला बसलेल्या मावशींकडून द्रोण घ्या.

वाटेत बहावा दिसला तर थांबा. पिवळे झुंबर लटकलेले असतील. बहावा फुलला की दीड महिन्याने पाऊस, असं जुनी माणसं म्हणतात. जांभळा दिसला तर तो तामण, आपलं राज्यफूल. निम्म्या मुंबईला ते माहीत नाही, रोज त्याच्याखाली बसची वाट बघतात.

---

गिरणगावकर | गुरु, २ मे, दुपारी २:१५

राणीच्या बागेबाहेरून लिहितोय. बंद आहे.

बुधवारी बंद असते म्हणून मुद्दाम गुरुवारी आलो. सगळ्यांनी नव्या टोप्या घातल्या, डबा घेतला. आता कळलं की काल बुधवार असला तरी महाराष्ट्र दिन होता, सुट्टी म्हणून काल उघडी ठेवली आणि त्याबदली आज बंद. गेटवरच्या माणसाने मला ही गोष्ट आज तिसाव्यांदा सांगत असल्यासारखी सांगितली. बायको काही बोलत नाहीये. ते जास्त वाईट आहे.

---

रानभुली | गुरु, २ मे, दुपारी २:३०

अरे देवा! चूक माझी, हे लिहायला हवं होतं. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बुधवारी उघडी आणि दुसऱ्या दिवशी बंद, असा नियम आहे. आईंना खूप त्रास झाला का?

---

गिरणगावकर | गुरु, २ मे, संध्याकाळी ६:४०

नाही हो. रस्त्याकडेला एका रेन ट्रीखाली उसाच्या रसवाल्याचं टेबल होतं, तिथे दोन तास बसलो. डबा तिथेच खाल्ला. रसवाल्याने आईला स्वतःची खुर्ची दिली. मुलाने वर बघून विचारलं, हे झाड संध्याकाळी मिटतं का? मिटेपर्यंत थांबायचं होतं त्याला. उद्या पुन्हा.

---

गिरणगावकर | शुक्र, ३ मे, रात्री १०:५०

गेलो. मिळालं.

साडेअकरा ते साडेचार आत होतो. पेंग्विनच्या काचेसमोर तुफान गर्दी. पेंग्विनांना १६-१८ अंशांत ठेवतात आणि बाहेर घामाने निथळणारी माणसं, कोण कुणाला बघायला आलंय तेच कळेना. मुलांनी पाच मिनिटांत कंटाळून वटवाघळांचा नाद धरला. कैलासपती बघितला, एक पडलेलं फूल आईने पदरात घेतलं. बुंध्यापासून लांब बसलो. हत्तीचे सांधे मुलीने बोटाने दाखवले.

मग एक मोठं झाड गाठून सतरंजी टाकली. आई बाकावर. तिने चष्मा काढून पर्समध्ये ठेवला, म्हणजे झोपणार हे नक्की. मीही आडवा झालो. डोळा लागतोय तोच शिट्टी. वॉचमन येताना दिसला, मी उठून बसलो, चपला शोधायला लागलो. तो आमच्यासाठी आला नव्हता. पलीकडे कुणीतरी वेफर्सची पिशवी टाकली होती. ती उचलायला लावून परत जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, "झोपा, झोपा. साडेपाचला शिट्टी वाजवतो तेव्हा उठा."

खुरपंकाका, अध्यक्षांना विचारलं. अर्ज त्याच बागेचा होता. रविवारी मीटिंग आहे, उलटा अर्ज लिहून नेतोय: दुपारी बारा ते चार निदान एक गेट उघडं ठेवा. तुमच्याकडून एवढंच हवंय, वॉचमनची पाळी कशी लावता येईल ते दोन ओळींत सांगा, नाहीतर "माणूस नाही" म्हणून परत पाठवतील.

---

खुरपं | शनि, ४ मे, सकाळी ६:१०

सांगतो. पाळी बाराऐवजी अकराला बदलायची आणि जेवण दोघांनी आळीपाळीने. पूर्वी तसंच होतं. सह्या घेताना सकाळच्या वॉकवाल्यांपासून सुरुवात करा, त्यांच्या सह्या आधी दिसल्या की बाकीचे करतात. व्यक्तिगत निरोपात नमुना पाठवतो.

---

डोंबिवली_फास्ट_नाही | शनि, ४ मे, सकाळी ९:०२

अर्जात स्वच्छतागृहही घाला. आणि सगळ्यात महत्त्वाचं राहिलं: वटवाघळं किती मोजली?

---

गिरणगावकर | शनि, ४ मे, सकाळी ९:२०

एकशे बेचाळीसपर्यंत गेले होते. मग तीन उडाली, आणि ती धरायची की नाही यावरून दोघांची मारामारी झाली.